जवाचं आसव

मोटारीच्या रेडिएटरमधली वाफ झाकणातून नेमकी कधी आणि किती सोडायची, या विषयावर श्रीरंगइतका जाणकार माणूस मिशिगनमधल्या सबंध ट्रॉय गावात नव्हता. निदान श्रीरंगचं तरी तसं मत होतं. तो ज्या कंपनीत इंजिनियर होता ती ही झाकणंच बनवायची. झाकणात एक स्प्रिंग असते. आत दाब फार वाढला की ती उचलली जाते, वाफ सुटते आणि इंजिन वाचतं. घरी पाहुणे जेवायला आले की श्रीरंग हे तत्त्व आमटीची वाटी आणि ताटली हातात घेऊन समजावून सांगायचा, आणि त्याची बायको विनीता नेमकी तेव्हाच कोशिंबीर आणायला आत जायची. त्यांच्याकडे कोशिंबीर फार वाढतात असा मराठी मंडळींत त्या घराचा लौकिक होता, तो त्यामुळेच.

तर अशा या दाबतज्ज्ञाच्या आयुष्यात एकच सल होता. त्याचा साहेब डॉन नोवाक दर शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातल्या चार-पाच जणांना आपल्या गॅरेजमध्ये बोलवायचा, आणि त्यात श्रीरंग कधीच नसायचा. डॉन घरी बिअर करायचा. घरच्या घरी बिअर करायला सरकारनं रीतसर परवानगी दिल्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. डॉननं ती परवानगी जणू आपल्या एकट्याच्या नावानं आली आहे अशा निष्ठेनं पाळली होती. खात्यात ग्रुप लीडरची जागा रिकामी होणार होती, आणि ती कुणाला द्यायची हे डॉनच्याच हातात होतं.

"काम मी करणार आणि प्रमोशन गॅरेजमध्ये ठरणार," श्रीरंग रोज रात्री ताटावर बसून म्हणायचा. "त्या जेरीला साधं ड्रॉइंग वाचता येत नाही. पण शुक्रवारी बिअरचा मग हातात घेऊन हसतो ना तो."

"मग तूही हस," विनीता म्हणायची. खरं तर तिलाही ती जागा त्याला मिळायला हवी होती. मिळाली असती तर निदान हे ऐकणं तरी थांबलं असतं.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी श्रीरंग घरी आला तो प्लास्टिकचं एक पांढरं पिंप काखोटीला मारून. पिंपात माल्टच्या काकवीचा डबा, वाळक्या हिरव्या फुलांची पुडी, यीस्टची दोन पाकिटं आणि डॉनच्या अक्षरातला एक कागद होता. चेहरा तर असा, की जागा मिळालीच.

"लंचला बिअरचा विषय निघाला होता," तो कोट काढत म्हणाला. "बोललो मी एक वाक्य. म्हटलं, माझे आजोबा इंडियात ब्रुअर होते. सगळं टेबल गप्प! डॉन म्हणाला, मग तुझ्या रक्तातच आहे. हे घे, करून दाखव. पुढच्या शनिवारी येतोय तो बघायला. घरी! आपल्या घरी!"

विनीताच्या हातातला पोळीचा उंडा हातातच राहिला. "तुझे कुठले आजोबा?"

"अण्णा. आईचे वडील. आसवं करायचे ना ते? आसव म्हणजे काय, फर्मेंटेशनच. टेक्निकली खोटं नाहीये."

"अण्णा वैद्य होते, श्रीरंग."

"हो, पण वैद्य इंग्रजीत कसं सांगणार यार?"

हा प्रश्न त्याला खरोखरच पडला होता, असं त्याच्या तोंडाकडे बघून वाटत होतं. विनीतानं पोळी लाटायला घेतली. पलीकडच्या खोलीत अण्णांची लेक, म्हणजे श्रीरंगची आई वसुधाबाई, खिडकीशी बसून बर्फ बघत होत्या. दिवाळीपासून त्या बर्फच बघत होत्या.

वसुधाबाई सहा महिन्यांसाठी लेकाकडे आल्या होत्या, आणि आल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. भांडी मशीन घासत होतं, कपडे मशीन वाळवत होतं, मटार सोललेलाच पिशवीत यायचा. सुरुवातीला त्यांनी विनीताला काय करू, काय करू म्हणून विचारलं. मग विचारणं सोडलं. कऱ्हाडला चार आळ्यांतल्या बायका ज्यांना पोरांच्या खोकल्याचं औषध विचारायला यायच्या, त्या इथं सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारख्या बसून राहायच्या. विनीताला ते बघून वाईट वाटायचं. काय करावं ते मात्र तिलाही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंगनं इडलीच्या मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, त्यात माल्ट ओतलं आणि ती हिरवी फुलं टाकली. घरभर असा वास सुटला, की कुणी कडुनिंबाच्या काढ्यात गूळ जाळला असावा. वासाबरोबर वसुधाबाई आल्या. पातेल्यात डोकावल्या.

"श्रीरंगा, हे काय रे शिजवतोयस?"

आईच्या नजरेला नजर देऊन "बिअर" म्हणण्याची श्रीरंगची छाती नव्हती. त्यांच्या घरात श्रावणात कांदासुद्धा शिजत नसे. पण तेवढ्यात त्याला स्वतःच्याच हुशारीनं घाम फुटावा असं उत्तर सुचलं.

"आसव आहे, आई. जवाचं. पोटाला चांगलं असतं. माझ्या साहेबांनी दिलंय."

साहेबाला सांगितलं, आसव म्हणजे बिअर. आईला सांगितलं, बिअर म्हणजे आसव. दोन्हीकडे एकच थाप उलटसुलट करून वापरली. कापडाची अशी बचत शिंपीही करत नाही. विनीता चहाचा कप घेऊन ओट्याला टेकून उभी होती. श्रीरंगनं तिच्याकडे बघून डोळे मोठे केले. म्हणजे अळीमिळी गुपचिळी. ती गप्प राहिली. ते तिचं चुकलंच.

कारण वसुधाबाईंचा चेहरा उजळला होता. त्यांनी चिमूटभर फुलं चुरगाळून हुंगली, उलथनं हातात घेतलं आणि बाजूला सारलेली खुर्ची पुढे ओढून शेगडीपाशी बसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या या घरात कुठंतरी नीट बसल्या.

"अण्णा द्राक्षासव करायचे तेव्हा मीच शेजारी असायचे," त्या सांगू लागल्या. "भातात पुरून ठेवायचे बरणी, ऊब मिळावी म्हणून. रोज कान लावून ऐकायचे. आत सूं सूं आवाज येतो ना, त्याला म्हणायचे, बोलतंय. आणि द्यायचे ते चमच्यानं, मोजून. एकदा एक सावकार आला, म्हणाला, वैद्यबुवा, अख्खी बाटली द्या, पैसे टाकतो. अण्णांनी त्याला पायरीवरनं खाली उतरवला. म्हणाले, हा दवाखाना आहे, गुत्ता नाही!"

त्या हसल्या. श्रीरंगही हसला, पण ते हसू अर्ध्यातच वाळलं. विनीतानं कप विसळायला घेतला, कारण कुठंतरी तोंड फिरवायलाच हवं होतं.

काढा गार झाल्यावर पिंपात गेला, वर यीस्ट पडलं, झाकण लागलं. झाकणाला एक भोक होतं आणि भोकात वाकडी नळी. नळीत थोडं पाणी असायचं. आतली हवा बुडबुडे काढत बाहेर जाणार, बाहेरची आत येणार नाही. श्रीरंगनं नळीकडे बोट दाखवून विनीताला रेडिएटरच्या झाकणाचं तत्त्व पुन्हा एकदा समजावलं. मग पिंप बेसमेंटमध्ये नेऊन ठेवलं. डॉनच्या कागदावर शेवटची ओळ होती: गार जागी ठेव आणि सारखं जाऊन बघू नकोस. साहेबाचा शब्द श्रीरंगला प्रमाण. तो त्यानंतर बेसमेंटच्या पायऱ्या उतरलाच नाही.

वसुधाबाई मात्र रोज उतरायच्या. पिंपाला कान लावायच्या आणि वर येऊन काळजीच्या सुरात सांगायच्या, "बोलत नाहीये गं."

आता विनीताला बिअरमधलं काही कळत नव्हतं. पण मिशिगनच्या थंडीत काही आंबवायचं म्हणजे काय, हे तिला पुरतं कळत होतं. इडलीचं पीठ फुगावं म्हणून तिनं ते ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवलं होतं, दही लागावं म्हणून पातेल्याला श्रीरंगची मफलर गुंडाळली होती, एकदा तर ढोकळ्याचं पीठ गाडीत हीटरसमोर ठेवून गाव हिंडवून आणलं होतं. गावातल्या सगळ्या मराठी बायकांचं शास्त्र हे एवढंच: ऊब द्या, विरजण वाढवा आणि वाट बघा. या देशात एखादी वस्तू जरुरीपेक्षा जास्त आंबेल ही शक्यता त्यांच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलेली नव्हती.

शुक्रवारी श्रीरंग कामाला गेल्यावर वसुधाबाई पदर खोचूनच खाली आल्या. "विनीता, उद्या त्याचा साहेब यायचाय. असलं मुकं आसव दाखवणार का आपण त्याला? चल, हात लाव."

दोघींनी मिळून पिंप सरकवत सरकवत घर तापवणाऱ्या फर्नेसच्या खोलीत नेलं. तिथं अगदी वैशाखासारखी ऊब होती. वसुधाबाईंनी त्याला आपली गोधडी गुंडाळली. विरजण कमी पडलंय असं ठरलं, म्हणून उरलेलं यीस्टचं पाकीट आत गेलं. पाठोपाठ भारतीय दुकानातून आणलेल्या गुळाची अख्खी ढेप फोडून गेली. विनीता खडे टाकत होती आणि सासूबाई पळीनं ढवळत होत्या. दोघी लग्नघरातल्यासारख्या गप्पा मारत होत्या. सासूचं आणि आपलं इतकं कधी जमलं नव्हतं, असं विनीताला वाटलं, आणि मनातून ती फार सुखावली.

मग वसुधाबाईंचं लक्ष त्या नळीकडे गेलं.

"हे भोक कशाला ठेवलंय?"

"हवा जायला, आई. असू दे ते, तसंच असतं म्हणे."

"अगं, सगळा वीर्यवान भाग उडून जाईल! अण्णा तोंड कापडानं आणि मातीनं लिंपून घ्यायचे. माती कुठून आणणार आता? कणीक भिजव जरा घट्ट."

विनीतानं इथं तोंड उघडायला हवं होतं. तिला आमटीची वाटी, ताटली, स्प्रिंग, सगळं आठवलं होतं. पण ते सगळं श्रीरंगच्या आवाजात आठवलं, आणि त्या आवाजाचं ऐकायचं नाही ही तिची जुनी सवय होती. शिवाय आज कितीतरी दिवसांनी या बाई कुणाला तरी काम सांगत होत्या. तिनं घट्ट कणीक भिजवली. नळी निघाली, भोकात कणकेचा गोळा बसला, झाकणाच्या कडेनं सगळीकडून कणकेची वळी दाबली गेली. वर चार विटा ठेवल्या. संध्याकाळी वसुधाबाईंनी कान लावला आणि आनंदानं ओरडल्या, "बोलायला लागलं!"

शनिवारी दुपारी डॉन नोवाक आला. धिप्पाड माणूस, लाल नाक, शर्टावर कंपनीचं बोधचिन्ह. श्रीरंगनं त्याच्यासाठी काजू तळायला लावले होते आणि घरातल्या देवांपुढे पडदा ओढून घेतला होता. वसुधाबाई इरकल नेसून स्वागताला उभ्या होत्या. डॉननं त्यांचा हात हातात घेऊन इतक्या आदरानं हलवला, की त्या दचकून श्रीरंगला म्हणाल्या, "भला दिसतोय रे."

सगळे खाली उतरले. पिंप जागेवर नव्हतं. श्रीरंग जिन्याखाली वाकून बघू लागला. वसुधाबाई हसून पुढे झाल्या, त्यांनी फर्नेसच्या खोलीचं दार उघडलं आणि गोधडी बाजूला केली.

पिंपाचं झाकण पुरीसारखं टम्म फुगलं होतं. दोन विटा आपोआप खाली आल्या होत्या आणि उरलेल्या दोन बघता बघता निघायच्या बेतात होत्या. वाळलेल्या कणकेला बारीक भेग गेली होती आणि तिच्यातून कुणीतरी दात खाऊन शीळ घालावी तसा आवाज येत होता.

डॉननं एक पाऊल मागे घेतलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, की कुणी हात लावू नका.

पण दाब हा श्रीरंगचा विषय. साहेबासमोर आपल्या विषयात मागे राहणं त्याला कसं परवडणार? "आय गॉट इट, डॉन," असं म्हणत तो पुढे झाला आणि दाब थोडासाच सोडावा म्हणून त्यानं भोकातला कणकेचा गोळा बोटानं उकरला.

थोडासाच सुटायला ते काही त्याच्या कंपनीचं झाकण नव्हतं. धडाम् असा आवाज झाला. झाकण छतावर आदळलं, विटा कपाटामागे गेल्या, आणि तपकिरी फेसाचा खांब सरळ वर जाऊन छत्रीसारखा सगळ्यांवर उतरला. गुळाचा, काढ्याचा आणि आंबटसर दारूचा वास एकदमच आला. श्रीरंगच्या चष्म्यावरून फेस ओघळत होता. त्याच्या कपाळाला मध्यभागी कणकेचा गोळा चिकटला होता. विनीताच्या केसांतून थेंब गळत होते. पिंप अजून फसफसत होतं, थांबायचं नावच घेईना.

आणि डॉन हसत होता. भिंतीला धरून, पोट दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. त्यानं मिशीवरचा फेस चाटला, भुवया उंचावल्या, पुन्हा चाटला. मग तो वसुधाबाईंसमोर अदबीनं वाकला आणि बरंच काहीतरी बोलला. त्यातला 'ब्रुअर' हा शब्द दोनदा आला.

"काय म्हणतोय तो अण्णांबद्दल?" वसुधाबाईंनी विचारलं. डॉननं बोलताना 'फादर' म्हटलेलं त्यांना कळलं होतं.

"काही नाही आई, छान झालंय म्हणतोय," श्रीरंग घाईनं म्हणाला.

वसुधाबाईंनी विनीताकडे बघितलं. नुसतं बघितलं. विनीताच्या नाकाच्या शेंड्यावरून त्या क्षणी एक थेंब पडला, आणि कितीतरी दिवसांची अळीमिळी त्याच्याबरोबर खाली पडली.

"तो म्हणतो, तुमचे वडील दारू गाळायचे हे श्रीरंगनं सगळ्या ऑफिसला सांगितलंय. त्यांना आज लेकीचा अभिमान वाटला असता, म्हणतो. ही बिअर आहे, आई. दारू. आसव नाही."

श्रीरंगचा चेहरा फेसाखाली पांढराफटक पडला.  वसुधाबाईंनी आपली भिजलेली गोधडी उचलली, पिळली, आणि श्रीरंगला अगदी शांतपणे म्हणाल्या, "तू पीत असशील तर पी बाबा. मला आसव म्हणून फसवलंस, तेही राहू दे. पण माझ्या बापाला गुत्तेवाला केलास?"

त्या वर निघून गेल्या. डॉननं विचारलं, आई रागावल्या का? श्रीरंगनं सांगितलं, थकल्यात जरा. एवढं होऊनही त्याच्या जिभेला वळण लागलं नव्हतं.

पुढचे दिवस घरात कसे गेले ते विनीतालाच माहीत. वसुधाबाई कुणावर चिडल्या नाहीत, जेवण टाकलं नाही, वेळेवर उठल्या, वेळेवर झोपल्या. फक्त श्रीरंगशी त्या बोलेनात. तो समोर आला की त्या खिडकीतून बर्फ बघायच्या. बेसमेंटचं छत पुसून पुसून श्रीरंगचे खांदे भरून आले, पण डाग काही जाईना. विनीताला त्याचा राग होता आणि आता त्याची दयाही येत होती, आणि दोन्हींचा तिला कंटाळा आला होता.

एक गोष्ट मात्र तिनं पाहिली. पिंपात तळाशी तिसरा हिस्सा उरला होता तो सासूबाईंनी फेकून दिला नव्हता. पिंपाचं तोंड उघडं ठेवून, वर नुसतं मलमलीचं फडकं टाकून, त्या रोज खाली जाऊन कान लावत होत्या.

"विसरलेच होते मी," एकदा त्या विनीताला म्हणाल्या. "अण्णा आधी काही दिवस तोंड उघडंच ठेवायचे. बोलून बोलून गप्प झालं, की मगच लिंपायचे. मी लहान होते, मला लिंपायचं तेवढंच आठवलं."

इकडे ऑफिसात डॉननं ती हकिकत तिखटमीठ लावून सगळ्यांना सांगितली होती. आणि गुरुवारी श्रीरंगला हवं ते अखेर झालं. डॉन त्याच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, उद्या संध्याकाळी गॅरेजमध्ये तुझ्या आईला घेऊन ये, पोरांना त्यांना भेटायचंय. बायकोलाही आण. आणि हो, तूही ये, गाडी कुणीतरी चालवायला हवी ना.

इतक्या वर्षांनी बोलावणं आलं होतं, ते ड्रायव्हर म्हणून. श्रीरंगनं घरी येऊन ते सांगितलं तेव्हा आई नाही म्हणणार याची त्याला खात्री होती, आणि विनीतालाही.

"येईन," वसुधाबाई म्हणाल्या. त्या आठवड्यातला श्रीरंगशी बोललेला तो त्यांचा पहिला शब्द. "पण तिथं मी नाही बोलणार. अण्णा कोण होते, ते तू सांगायचंस. सगळ्यांसमोर."

शुक्रवारी संध्याकाळी त्या इरकलीवर श्रीरंगचा जुना जाडजूड पार्का कोट चढवून गाडीत बसल्या. मांडीवर कापडात गुंडाळलेली बाटली होती. गॅरेजमध्ये हीटर लावला होता, दोन मोठी पिंपं होती, प्रत्येकाच्या हातात मग होता. जेरी उलट्या बादलीवर बसला होता. श्रीरंगला तिथं शिरताना एखाद्याला मुंजीत मानाचा पाट मिळाल्यासारखं झालं असावं, कारण थंडीतही त्याचे कान लाल झाले. डॉननं दोन्ही हात पसरून सगळ्यांना काहीतरी मोठ्यानं सांगितलं आणि टाळ्या पडल्या.

"काय म्हणाला?" वसुधाबाईंनी विचारलं.

"दारू गाळणाऱ्याची लेक आली, म्हणाला," विनीता म्हणाली. आता ती कशालाच साखर लावत नव्हती.

वसुधाबाईंनी कापड सोडलं. बाटलीत गाळून, निवळून घेतलेलं तपकिरी, स्वच्छ पेय होतं. कमरेला खोचलेला स्टीलचा चहाचा चमचा त्यांनी काढला. माणसांनी आपापले मग पुढे केले. त्यांनी एकाच्याही मगात थेंब ओतला नाही. त्या श्रीरंगकडे वळून उभ्या राहिल्या.

श्रीरंगनं घसा साफ केला. "माय मदर," तो म्हणाला, "शी वॉन्ट्स मी टु से..." मग त्यानं डॉनकडे बघितलं, जेरीकडे बघितलं. ती जागा तिथंच, त्या गॅरेजमध्ये, त्याच्यापासून हातभर अंतरावर कुठंतरी होती. त्यानं पुन्हा सुरुवात केली. आजोबा एक प्रकारचं पेय करायचे, म्हणाला. वनस्पती असायच्या त्यात. ती एक फार जुनी परंपरा आहे, म्हणाला. माणसं मान डोलावत होती. एकानं बिअरचा घोट घेतला.

विनीताला वाटलं, हा आता इथंही निसटणार. तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

वसुधाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण एक शब्द त्यांना येत होता, कऱ्हाडच्या पोरासोरालाही येतो, आणि तो अजून आला नव्हता. त्या चमचा हातात धरून श्रीरंगच्या तोंडाकडे बघत होत्या. रागानं नाही. लहानपणी पाढे म्हणताना तो अडला, की बघायच्या तशा. श्रीरंग बोलता बोलता थांबला. 

"नो," तो म्हणाला. "मी खोटं सांगितलं होतं, डॉन. माझे आजोबा ब्रुअर नव्हते. त्यांनी जन्मात दारू केली नाही, आणि मागायला आलेल्याला पायरीवरून उतरवलं. ही वॉज अ डॉक्टर."

 जेरीनं हसायला तोंड उघडलं आणि डॉनकडे बघून मिटलं. ती जागा पुढे जेरीलाच मिळाली, पण ते नंतर.

"डॉक्टर," वसुधाबाई म्हणाल्या, आणि मान हलवली. मग त्यांनी चमचा काठोकाठ भरला, एक थेंबही न सांडता डॉनसमोर धरला, आणि डॉन नोवाकनं हातातला मग खाली ठेवून मुकाट्यानं आ केला.